मोहाचा सडवा आणि एक सही
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी पुण्याहून फोन आला. पलीकडं आमच्या जुन्या गावातल्या शेजारणीचा नातू. इंजिनिअर आहे, मला मामा म्हणतो. त्याची आई आणि मी एकाच अंगणात वाढलो, तेव्हा नातं खरंच आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो जरा अडखळत म्हणाला, ''मामा, इथं माझे दोन-तीन मित्र घरी बिअर बनवतात. शौक म्हणून. मलाही शिकायचं आहे. आई म्हणते, आजीच्या हाताला फार चव होती. आजी कशी करायची, तुम्हाला आठवतं का?''

मला हसू आलं. मी मुसलमान माणूस. आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. आमच्या उर्दू-फारसी कवितेत साकी आणि मैखाना पानोपानी भेटतात, आणि त्यांतल्या कित्येक कवींची गत माझ्यासारखीच असावी : प्याला फक्त शब्दातला. पण आजी कशी करायची, हे मला आठवतं. चांगलंच आठवतं. आणि ते आठवलं की सोबत दुसरंही एक आठवतं, जे मी त्या मुलाला कधी सांगितलेलं नव्हतं. आज दोन्ही सांगणार आहे.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्दच्या वरच्या अंगाला. आज ते नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेहतीस दरवाजांमागं पाणी साठत गेलं आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आमचंही गेलं. पण मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आधीची, १९८१ सालची. मी सहावीत होतो. अब्बांचं किराण्याचं दुकान होतं : मीठ, मिरची, रॉकेल, काळा गूळ. दुकानाला लागून मावशीचं घर. मावशी गोंड समाजातली, विधवा, पदरी एक मुलगी. ती अब्बांना भाऊ म्हणायची आणि माझ्या अम्मीला वहिनी.

फाल्गुन-चैत्रात मोह फुलायचा. ज्यांनी मोह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही फुलं खुडायची नसतात. पहाटे ती आपोआप टपटप गळतात. मलईच्या रंगाची, रसानं फुगलेली. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली जायचं. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तांबूस होत. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळं ते आधी अन्न आहे, मग दारू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या जंगलाकाठच्या लोकांनी मोह उकडून, भाजून पोट भरलं. पुढं फळ धरलं की त्याच्या बीचं, म्हणजे टोरीचं, तेल निघे. एका झाडावर घराचं निम्मं वर्ष निघे.

मावशी वाळलेला मोह मडक्यात पाण्यात भिजत घाली. त्याला आमच्याकडं सडवा म्हणतात. उन्हाळ्यात चार दिवसांत तयार, थंडीत आठवडा लागे. ती मडक्याला कान लावून ऐकायची. आत बुडबुड असेतो हात लावायचा नाही. आवाज थांबला की सडवा झाला. मग चुलीवर मोठं मडकं, त्यावर दुसरं, आणि सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर जाऊन गार होई आणि थेंबथेंब आतल्या भांड्यात जमे. वरचं पाणी कितीदा बदललं, त्यावरून माल कडक की नरम ते ठरे. पहिली धार निघाली की मावशी थोडी जमिनीवर ओती. आधी देवाला, पितरांना, मग माणसाला. जन्म, लग्न, मरण, मोहाशिवाय त्यांच्यात काहीच पार पडत नसे.

पुण्याच्या भाच्यानं फोनवर त्याची कृती मला सांगितली, तेव्हा मी चकित झालो. वीस लिटर बिअरसाठी चार-पाच किलो माल्ट घ्यायचं. माल्ट म्हणजे जव भिजवून, मोड आणून वाळवलेला. तो भरडून पासष्ट ते अडुसष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा. मोडामुळं तयार झालेलं द्रव्य पिठाची साखर करतं. ते पाणी गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुलं टाकायची, मग झटपट गार करून यीस्ट सोडायचं आणि झाकणाला अशी नळी लावायची की आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. त्या नळीतले बुडबुडे थांबले की काम झालं, साधारण दोन आठवड्यांत. मग बाटलीत भरताना लिटरमागं चमचाभर साखर, म्हणजे फेस येतो. ''मामा,'' तो म्हणाला, ''सगळ्यात महत्त्वाची दोन कामं : भांडी स्वच्छ ठेवणं आणि खोली गार ठेवणं.'' मी म्हटलं, बाबू, तुझी आजी मडकं राखेनं घासून, चुलीवर उपडं धरून धूर देत असे, आणि सडव्याचं मडकं घराच्या उगवत्या कोपऱ्यात, सावलीत पुरून ठेवत असे. तुझी नळी म्हणजे तिचा कान.

एक फरक मात्र मी त्याला समजावला, तो श्रोत्यांनाही समजावा. बिअर नुसती आंबवलेली असते. मोहाची दारू आंबवून मग गाळलेली. आंबवणं माणसाला फार पूर्वीपासून येतं. आजच्या इराकात, सुमेर देशात, सुमारे अठराशे ख्रिस्तपूर्व काळातल्या मातीच्या पाट्यांवर निनकासी नावाच्या देवीचं स्तोत्र सापडलं. ती बिअरची देवी. स्तोत्र वाचता वाचता बिअर कशी करायची, याचीच ती कृती आहे असं अभ्यासकांच्या ध्यानात आलं. त्याचं भाषांतर १९६४ साली प्रसिद्ध झालं. देवी ती, आणि तिथं गाळणाऱ्याही बहुधा बायकाच. आपल्याकडं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यखात्याचा अधिकारी, सुराध्यक्ष, याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तांदूळ किती, पाणी किती, आंबवणासाठी किण्व किती, याची मापं त्यात आहेत. किण्व म्हणजे आजचं यीस्ट. आणि त्यातली दोन कलमं मला फार महत्त्वाची वाटतात. सुरेची सामग्री गोळा करण्याचं काम बायका-मुलांनी करावं असं एक. आणि दुसरं असं की गृहस्थांना घरच्या कार्यासाठी किंवा औषधासाठी सुरा घरी करायला मुभा असावी, जत्रा-उत्सवाला चार दिवसांची सूट असावी. कर वसूल करण्यात कौटिल्यासारखा कडक माणूस नाही. त्यानंही घरच्या मडक्याला जागा ठेवली होती.

आंबवण्यामागं काय घडतं, हे मात्र माणसाला हजारो वर्षं कळलं नव्हतं. १५१६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात बिअरचा प्रसिद्ध कायदा झाला : जव, हॉप आणि पाणी, याखेरीज काही घालायचं नाही. त्यात यीस्टचा उल्लेखच नाही, आणि ते नेमकं काय आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. लुई पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहून दाखवलं की हे काम सूक्ष्म जिवांचं आहे, आणि १८८३ मध्ये डेन्मार्कच्या एका मद्यशाळेतल्या प्रयोगशाळेत हान्सेननं यीस्टची शुद्ध जात वेगळी केली.

गाळण्याची विद्या त्यामानानं अलीकडची, आणि तिच्या प्रवासात अरबांचा मोठा हात. हे सांगताना माझी मुसलमान कवी म्हणून थोडी गंमत होते. गुलाबपाणी, अत्तर, औषधं गाळण्यासाठी त्यांनी हे शास्त्र वाढवलं. गाळलेल्या द्रवाला आपण अर्क म्हणतो. अरबीत 'अरक' म्हणजे घाम. मडक्याच्या पोटाला आलेला घामच तो. अल्कोहोल हा शब्द 'अल्-कुह्ल' म्हणजे सुरमा, यावरून आला. बारीक भुकटी, मग सार, मग दारूचं सार असा त्याचा अर्थ सरकत गेला. 'दारू' हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. आणि 'आबकारी'? आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. पाण्याचं काम! एवढा निर्मळ शब्द, पण आमच्या गावात तो उच्चारला की मावशीच्या हातातलं भांडं गळून पडे.

या पाण्याच्या कामावर सरकारची नजर पडली ती महसुलासाठी. १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. ताडी-माडीच्या झाडांवर करांचा बोजा वाढला. १८९२ साली त्याच इलाख्यात खास मोहफुलांसाठी कायदा झाला. फुलासाठी कायदा! कारण फूल घरात असलं की दारू घरात होणार, आणि घरात झाली तर ठेकेदाराच्या दुकानात खपणार कशी? आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथं आधी गावोगावच्या भट्ट्यांचे लिलाव होत. पुढं एका जागी मोठ्या भट्टीत गाळून ठेकेदारांमार्फत पुरवठा करण्याची पद्धत आली. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा आबकारी कायदा झाला. म्हणजे दारू वाईट म्हणून मडकी फुटली असं नव्हे. मडकी फुटली, दुकानं वाढली. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली, ती या वाढीच्याच काळात.

मग दारूबंदी आली, आणि तिच्यामागची भावना खरी होती. गांधीजींनी ती स्वराज्याशी जोडली. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३८ मध्ये, मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमात ती सरकारचं कर्तव्य म्हणून आली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्यानंतर १९४९ चा तो कायदा आमच्याकडंही लागू झाला. आज त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. गंमत अशी की या कायद्याखाली दारूची दुकानं आणि बार परवान्यानं चालतात. पण परवान्याशिवाय घरी गाळणं किंवा आंबवणं हा पासष्टाव्या कलमाखाली गुन्हा आहे. मावशीचं मडकं आणि भाच्याची नळी, दोन्ही एकाच कलमात.

इतर देशांनी ही गाठ कशी सोडवली, तेही पाहू. इंग्लंडात १८८० पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना काढावा लागे. तो १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण घरच्या बिअरची मुभा राहून गेली. ती १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं मिळाली : एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोघं असतील तर दोनशे, विकायची मात्र नाही. हे स्वातंत्र्य आंबवण्यापुरतं, गाळण्याचं नव्हे. घरच्या बादलीत शिकलेल्या तिथल्या अनेकांनी पुढं छोट्या मद्यशाळा काढल्या. तीच हवा पुण्या-मुंबईत आली आणि भाच्याच्या मित्रांपर्यंत पोचली.

आता ती सही.

१९८१ चा पोळा जवळ आला होता. पावसाळ्यात मोह संपत येई, म्हणून मावशी सडव्यात काळा गूळ घाली. गूळ अर्थातच आमच्या दुकानातला. एका सकाळी जीप आली. मावशीच्या परसातून दोन मडकी काढली, काठीनं फोडली. सडव्याचा आंबूस वास आमच्या ओट्यापर्यंत आला. मग साहेब दुकानाच्या पायरीवर बसले, चहा प्याले आणि अब्बांना शांतपणे म्हणाले, ''गूळ कुणाच्या दुकानातला, ते आम्ही विचारत नाही. तुम्ही शिकलेले आहात. पंच म्हणून सही करा.''

अब्बांनी सही केली. मी दाराआड उभा होतो. टाक दौतीत बुडवताना त्यांचा हात थरथरला नाही, हे मला अजून आठवतं. थरथरला असता तर मला बरं वाटलं असतं. मावशी एक रात्र तालुक्याच्या कोठडीत राहिली. दंड भरायला तिनं दोन शेळ्या विकल्या. त्यानंतर ती दुकानात आली नाही, मुलीला पाठवू लागली. अब्बा तिच्या मुलीला मीठ-मिरची मापात जास्त देत. दोघंही त्याविषयी कधी बोलले नाहीत. अब्बा २००३ मध्ये गेले, मावशी त्याच्या दोन वर्षं आधी.

मी दारूची तरफदारी करतोय असं कुणी समजू नये. आमच्याच गावात दारूनं तीन घरं बसलेली मी पाहिली. तुकडोजी महाराजांची भजनं आमच्या भागात रात्र रात्र चालत आणि त्यातून कित्येकांची सुटली. गडचिरोलीच्या बायकांनी रस्त्यावर उतरून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी करायला लावली, त्यांचे अश्रू खोटे नव्हते. २०१५ मध्ये चंद्रपूरला बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळी दोन्ही बाजूंना बोलायला माणसं होती. त्याच २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ते विष मिथेनॉलचं, कारखान्यातल्या द्रव्याचं, मोहफुलाचं नव्हे. पण गरिबाच्या प्याल्यात काय आहे हे पाहायला कुणी नसलं की असंच होतं.

माझं म्हणणं एवढंच, की विद्या आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशीकडं विद्या होती. ती स्वतः सणासुदीला दोन घोट घेई. तिची विद्या गुन्ह्याच्या कागदात गेली. आज मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणतात आणि आदिवासी बचत गटांना ती करण्याचे परवाने देतात. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये मोहफुलं जमवण्या-नेण्यावरचे निर्बंध उठवले. मावशी असती तर म्हणाली असती, फुलाला सोडलं म्हणता, त्याला धरलं तरी कशाला होतं?

चैत्रात भाचा आला. मी त्याला गोसीखुर्दला घेऊन गेलो. धरणाच्या वर, जिथून आमच्या गावची दिशा दिसते, तिथं आम्ही उभे राहिलो. पाणीच पाणी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून याच पाण्यात येतं. काठाला जलपर्णी दाटलेली होती. तो म्हणाला, ''बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, मामा. सगळे पहिल्यांदा विचारतात, पाणी कसं आहे?'' मी म्हटलं, तुझी आजी याच नदीचं पाणी वाळूत झरा करून घ्यायची.

आणि मग मी सांगितलं. जीप, मडकी, चहा, टाक, सही. आवाज कापेल अशी भीती होती, नाही कापला. त्या वेळी मला अब्बांचा हात आठवला, आणि तो का थरथरला नसेल हे थोडंसं समजलं.

तो बराच वेळ पाण्याकडं पाहत होता. मग म्हणाला, ''आजीला माहीत होतं. आई सांगते, कोर्टात पंचांची नावं वाचली होती. आजी म्हणायची, भाऊनं सही नसती केली तर दुकान गेलं असतं, मग मीठ कुणी उधार दिलं असतं?''

मला काही बोलता आलं नाही. वीस वर्षं अब्बांच्या कबरीवर फातिहा पढताना जे ओझं मी नेत होतो, ते तिनं आधीच उतरवून ठेवलं होतं, आणि आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं.

परतताना पुनर्वसनाच्या गावाबाहेर एक मोहाचं झाड लागलं. पाण्याच्या पातळीच्या वर राहिलेलं, म्हणून वाचलेलं. खाली फुलं पडली होती. सकाळ सरली होती, तरी थोडी उरली होती. भाच्यानं रुमालभर वेचली. मी त्याला कायदा समजावून सांगितला : परवान्याशिवाय काही आंबवू नकोस, शिकायचंच तर परवानाधारक मद्यशाळेत जाऊन शीक. त्यानं मान डोलावली. फुलांचं काय करणार, असं मी विचारलं.

''आईला नेतो,'' तो म्हणाला. ''ती उकडून जवसाबरोबर कुटते. आजी तसंच करायची म्हणे.''

ते मला ठाऊक होतं. कुटलेल्याचा एक लाडू मावशी दर चैत्रात आमच्या घरी पाठवायची. १९८१ नंतरही पाठवत होती.